कोमट जेलची बाटली

छातीत गाठ निघालेल्या बायकांसाठी काहीतरी लिहा, असं आमच्या हॉस्पिटलातल्या समुपदेशक मॅडम मला दोनदा म्हणाल्या. त्यांना वाटलं असेल, मावशी धीराचं काहीतरी लिहितील. धीर होता, नाही असं नाही. पण त्या महिन्यांत माझ्या मनात गाठीच्या शेजारीच आणखी एक गोष्ट ठाण मांडून बसली होती, ती म्हणजे रजनीचा मत्सर. तो वगळून लिहिलं तर निम्मं खोटं होईल. म्हणून दोन्ही लिहिते. वाचून कुणाला माझा राग आला तर येऊ दे, मलाही येतो.

मी आणि माझी खोली

मी शालन परब, राहणार घोडपदेव. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या खोलीत मी बावीस वर्षं मावशी म्हणून काम केलं. पेशंटला नाव पुकारून आत घ्यायचं, टेबलावर झोपवायचं, तपासायच्या जागी जेल लावायचं, तपासणी झाली की पुसायला कापड द्यायचं. आणि डॉक्टर अंगावरून जो प्रोब फिरवतात, तो पुढच्या पेशंटआधी साफ करायचा. तोच प्रोब सकाळपासून किती जणांच्या पोटावरून, मानेवरून, काखेतून फिरतो याची बाहेर बाकावर बसलेल्यांना कल्पनाही नसते. मला असायची. म्हणून मी तो घासूनपुसून लख्ख करायची. औषधाचा ओला वाइप फिरवला की लगेच मऊ सुती कापडाने कोरडा करायचा, चकचकीत. डॉक्टर म्हणायचे, मावशींचा हात फिरला की मशीन नवं दिसतं.

पण माझं खरं नाव होतं ते जेलमुळे. ते जेल असतं थंडगार. उघड्या पोटावर पडलं की पोटुशी बायका दचकायच्या. मी त्यावर तोडगा काढला होता. स्टीलच्या डब्यात पँट्रीतलं गरम पाणी घ्यायचं आणि जेलची बाटली त्यात उभी करून ठेवायची. जेल कोमट व्हायचं. बायका म्हणायच्या, "किती बरं वाटलं हो मावशी!" एकजण तर बाळंत झाल्यावर पेढे घेऊन आली होती, डॉक्टरांना नाही, मला.

बाटली माझी ठरलेली. मोठ्या कॅनमधून तिच्यात जेल ओतायचं, निम्मी झाली की वरून पुन्हा भरायचं. रिकामी व्हायची वेळच येऊ द्यायची नाही. कुणी उचलून नेऊ नये म्हणून तिच्या बुडाशी मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. ती कधी धुतली होती का, असं आज कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागतं.

रजनी

माझ्या आजारपणाच्या जेमतेम सहा महिने आधी रजनी आली, कॉन्ट्रॅक्टवर. पस्तिशीची, सडपातळ, लांब वेणी. तिला शिकवायला माझ्याकडेच दिलं. पहिल्या आठवड्यात मी तिला चहा पाजला, दुसऱ्या आठवड्यात तिने माझ्या बाटल्या फेकल्या.

म्हणजे असं झालं की तिला कामावर घेताना दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. तिथे सांगितलं होतं की बाटली संपली की टाकायची, वरून भरायची नाही. उघडली त्या दिवसाची तारीख लिहायची. पाण्यात ठेवायची नाही. आणि सुई टोचून तपासणी असेल तर फक्त सीलबंद पाउचमधलं निर्जंतुक जेल वापरायचं. ते ट्रेनिंग मलाही झालं होतं. मी हजेरीच्या कागदावर सही केली होती, समोसा खाल्ला होता आणि परत आले होते.

रजनीने मात्र सगळं मनावर घेतलं. प्रोबला वाइप फिरवायची आणि हात बांधून उभी राहायची. पुसायची नाही, काही नाही. मी म्हटलं, "काय गं, फोटो काढायला उभी आहेस का?"

"नाही मावशी. ते ओलं राहायला पाहिजे ना थोडा वेळ. तेव्हा जंतू मरतात. लगेच पुसलं तर काय फायदा?"

मला शिकवते! बावीस वर्षं पुसणारीला! डॉक्टर हसले आणि म्हणाले, "मावशी, नवी पोरगी हुशार आहे हं." ते वाक्य मला संध्याकाळपर्यंत पुरलं. घरी येऊन मी भाकरी थापताना त्याच वाक्यावर हात आपटत होते.

तिने बाटल्या टाकल्या त्या दिवशी मी माझी लाल ठिपक्याची बाटली कचऱ्यातून काढली आणि कपाटाच्या खालच्या खणात चादरींमागे लपवली. का, ते मलाही सांगता आलं नसतं. वाटलं, आपलं काहीतरी तिथे राहू दे.

नाव पुकारलं तो दिवस

गाठ मला आंघोळ करताना लागली. डाव्या बाजूला, चिंचोक्याएवढी. मी आठवडाभर कुणाला बोलले नाही. रोज बायकांना टेबलावर झोपवणारी मी, पण माझं मलाच टेबलावर झोपायला धैर्य होईना. शेवटी मुलीने, प्राचीने, माझं तोंड बघून ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन मला हॉस्पिटलात घेऊन आली.

बाहेरच्या बाकावर मी पहिल्यांदाच बसले. दार उघडलं आणि आवाज आला, "शालन परब, आत या." रजनीने पुकारलं होतं. अगदी माझ्याच चालीत, 'या' थोडा लांबवून. ती चाल माझी होती. गाठीची भीती क्षणभर बाजूला राहिली आणि मनात आलं, ही बया माझा आवाजसुद्धा घेऊन बसली.

सोनोग्राफीच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं. त्या बोलायच्या थांबल्या की काय समजायचं ते मला ठाऊक होतं. बावीस वर्षं मी ती शांतता ऐकत आले होते. नंतर म्हणाल्या, "सुईने तुकडा काढून तपासू या शालनताई." एरवी त्या मला मावशी म्हणायच्या. ताई झाल्याबरोबर मी समजले.

घरी ह्यांना सांगितलं. आमचे हे कमी बोलतात. भायखळ्याच्या मार्केटातून मोसंबी घेऊन आले, माझ्यासमोर ठेवली आणि सोलत बसले. दोघांनीही खाल्ली नाहीत.

सुईचा दिवस

सुईच्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. प्राचीला बाहेर बसवलं आणि खोलीत शिरले. रजनी धुतलेल्या चादरी आणायला गेली होती. माझी खोली, पण माझ्या जागी सगळं दुसरंच. ग्लोव्ह्जचे खोके तिने मापाप्रमाणे लावले होते. भिंतीवर प्रोब साफ करायच्या पायऱ्या, तिच्या टपोऱ्या अक्षरात. माझा स्टीलचा डबा मात्र सिंकखाली पडला होता, त्यात फिनाइलची बाटली ठेवलेली.

मला काय झालं कोण जाणे. डबा धुतला, गरम पाणी आणलं, खालच्या खणातून माझी बाटली काढली आणि डब्यात उभी केली, बरोबर टेबलाच्या उशाशी, माझ्या जुन्या जागी. आजारी असले तरी खोली माझी आहे, एवढंच मला दाखवायचं होतं. रजनीने आल्या आल्या बघितलं. चादरी कपाटात रचायला लागली.

सुई टोचणारे डॉक्टर तरुण होते, मी त्यांना त्यांच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून ओळखत होते. त्यांनी बीटाडीनने जागा साफ केली. रजनीने पाउच फोडलं. ते थंड जेल छातीवर पडलं आणि मी हादरले. थंडीने हादरले की भीतीने, सांगता येत नाही.

"मावशी, हलू नका हं, सुई चुकेल."

"सर, माझी कोमट बाटली तिथे आहे ना, तीच घ्या."

रजनी लगेच म्हणाली, "नको सर, सुईला पाउचमधलंच पाहिजे. ती बाटली जुनी आहे."

"बघा सर," मी म्हटलं, "बावीस वर्षांत कुणाला काय झालं? आजच हिला आठवलं."

बाहेर रांग होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, हसले आणि म्हणाले, "जाऊ दे गं रजनी, मावशींचा आजचा दिवस आहे." बाटली त्यांनीच उचलली. जेल कोमट होतं. मला बरं वाटलं, आणि खरं सांगते, जेलमुळे कमी आणि रजनीचा चेहरा पडला त्यामुळे जास्त.

वॉर्ड

चौथ्या दिवशी छाती लाल झाली, सुजली, ताप चढला. जिथे सुई टोचली होती तिथे पू झाला होता. मला दाखल केलं, चीर देऊन पू काढला, आत पट्टी भरली. तुकड्याचा रिपोर्टही त्याच दिवशी आला. कॅन्सर होता. लवकर सापडलाय, केमो सुरू केली की बरा होण्यातला आहे, असं मॅडम म्हणाल्या. पण जखम भरेपर्यंत केमो देता येणार नव्हती.

म्हणजे गाठ आत बसलेली आणि आम्ही बाहेरच्या जखमेची वाट बघत बसलेलो. ज्यांनी अशी वाट बघितली आहे त्यांना सांगायला नको. सकाळी सहाला ताप बघायचा, मग चहा, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची पट्टी बाहेर काढताना मी खाटेची दांडी धरायची. हिंदमाताच्या कापड बाजारात जाऊन प्राची पुढून बटणांचे दोन गाऊन घेऊन आली, एक निळा, एक कैरीच्या रंगाचा. ते घालताना मी तिला ओरडले की मोठे आणलेस. मोठे नव्हते. मला कुणावर तरी ओरडायचं होतं.

शेजारच्या खाटेवरच्या बाईची जखम भरत आली होती, मी तिच्यावरही जळायचे. समोरच्या बाईचा नवरा तिची वेणी घालून द्यायचा, तिच्यावरही जळले. माझा मत्सर काही निवडक नव्हता. पण मुक्कामाला तो रजनीकडेच जायचा.

कारण रजनी रोज दुपारच्या सुट्टीत वॉर्डात यायची. घरून तांदळाची पेज आणायची, मेतकूट घालून. प्राची तिच्याशी हसून बोलायची. "आई, रजनीताईने सांगितलंय, असं कुशीवर झोप." रजनीताईने सांगितलंय! माझी नोकरी घेतली, माझा आवाज घेतला, आता मुलगी राहिली होती, तीही चालली.

मी काय केलं

हॉस्पिटलात कुठे जंतू पसरले की शोध घ्यायला एक सिस्टर असतात, इन्फेक्शन कंट्रोलच्या. त्या माझ्या खाटेशी वही घेऊन आल्या. सुईच्या दिवशीचं सगळं विचारलं.

मी म्हटलं, "रजनी प्रोब नीट साफ करत नाही. वाइप फिरवते आणि हात बांधून उभी राहते. मी डोळ्यांनी बघितलंय."

"आणि जेल कुठलं वापरलं?"

मला आजही तो क्षण दिसतो. सिस्टरचं पेन वहीवर टेकलेलं, शेजारच्या खाटेवर कुणीतरी संत्रं सोलतंय, त्याचा वास.

"पाउचमधलं," मी म्हटलं.

ते पूर्ण खोटं नव्हतं. पाउच फोडलं होतंच की. असं मी स्वतःला समजावलं.

दोन दिवसांत रजनीला सोनोग्राफीतून काढून चादरी धुवायच्या खात्यात पाठवलं. चौकशी चालू होती, कॉन्ट्रॅक्ट महिन्याअखेरीला संपत होतं, पुढे वाढवणार नाहीत असं सगळे म्हणत होते. त्या तरुण डॉक्टरांना कुणी विचारलंच नाही, की विचारलं आणि त्यांना आठवलं नाही, मला माहीत नाही. रजनीने मात्र बाटलीचं नाव काढलं नाही. का काढलं नाही, हेच मला कळेना. मी तिच्या जागी असते तर हॉस्पिटल डोक्यावर घेतलं असतं.

त्या दुपारी मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पेज प्यायच्या वेळेपर्यंत. मग ती आली नाही आणि मी दाराकडे बघत राहिले.

पिशवी

प्रोबचा रिपोर्ट स्वच्छ आला. इन्फेक्शनच्या सिस्टर पुन्हा आल्या. "मावशी, तुम्ही म्हणालात ती हात बांधून उभी राहते. अहो, ते उभं राहणंच काम आहे. औषध ओलं राहायला वेळ द्यायचा असतो. तुम्ही लगेच पुसत होता का?"

मी पाणी मागितलं.

"मग जंतू आला कुठून, तेच सापडत नाही," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रजनी आली. तिचे हात कपड्यांच्या सोड्याने पांढरे पडलेले, बोटांना चिरा. डबा नेहमीसारखा खाटेजवळ ठेवला. प्राची खाली औषधं आणायला गेली होती.

मी म्हटलं, "कशाला आणतेस? माझ्यामुळे तू तिकडे गेलीस."

ती स्टुलावर बसली. "मावशी, तुमची बाटली मी काढून ठेवलीय. त्याच दिवशी. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून, वर नाव-तारीख घालून. दुसऱ्या कुणाला लावायला नको म्हणून."

"मग सिस्टरला दिली का नाहीस?"

"तुमची जखम ओली, तुम्ही तापात. तेव्हा कसं सांगू, की तुमच्याच बाटलीने झालं म्हणून? मला वाटलं, तुम्ही बऱ्या झालात की तुम्हीच सांगाल." मग म्हणाली, "पण महिना संपत आला आता. घरात मी एकटी कमावते. म्हणून आले."

तिने रडून-भेकून सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती सरळ बोलली. मला तिचा इतका राग आला, आणि त्या रागात इतकी लाज होती, की मी भिंतीकडे तोंड केलं. ती डबा तिथेच ठेवून गेली.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत हे आले. मी त्यांना सगळं सांगितलं, खणातली बाटली, कोमट पाणी, पाउचचं खोटं. ते खाटेच्या कडेला बसले. रागावले की गावची सगळी मालवणी त्यांच्या तोंडात येते.

"गप रव गो आता, रडा नको," ते म्हणाले. "तुका पू झालो तो गेलो. ह्यो मनातलो आत ऱ्हवलो तर जाऊचो नाय. उद्या सिस्टरांका बोलय आणि सांग."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या ड्रेसिंगआधी सिस्टरना बोलावलं आणि सांगितलं. आधी त्यांनी पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. रजनीने पिशवी आणून दिली. लाल ठिपका तसाच होता. आठवड्याने रिपोर्ट आला. माझ्या जखमेत जो जंतू होता तोच त्या बाटलीत होता. माझं कोमट पाणी आणि वरून ओतलेलं जेल, त्यात तो मजेत वाढला होता. इतकी वर्षं धडधाकट कातडीवरून तो पुसला गेला असेल. सुईने कातडीला भोक पाडलं तिथे त्याला वाट मिळाली, आणि ती बाई नेमकी मी होते.

त्याआधीच्या किती बायकांना ते जेल लागलं, त्यातली एखादी नंतर तापाने फणफणली असेल का, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मी स्वतःला विचारते. पेढे आणणारीचा चेहरा आठवतो.

नंतर

रजनी खोलीत परत आली. कॉन्ट्रॅक्ट वाढलं. त्या तरुण डॉक्टरांना समज मिळाली. मला साहेबांनी बोलावून ऐकवलं ते मी ऐकून घेतलं. आजारी बाई म्हणून त्यांनी आवाज खाली ठेवला, तेवढीच मेहेरबानी.

जखम भरली, केमो सुरू झाली, उशिरा पण झाली. केस गेले, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. ते सगळं सोसवतं. तुमच्यापैकी कुणी आत्ता त्यातून जात असेल तर एवढं सांगते, रोज उद्याचाच विचार करा, परवाचा नको. आणि सुईची तपासणी असेल तर विचारायला लाजू नका: जेल पाउचमधलं आहे ना? प्रोब साफ करून ठेवलाय ना? चांगली मावशी असेल तर रागावणार नाही. रागावली तर समजा, माझ्यासारखी आहे.

गेल्या महिन्यात माझी तपासणीची सोनोग्राफी होती. बाहेर बाकावर बसले. दार उघडलं, "शालन परब, आत याऽ." तीच चाल. मी आत गेले, झोपले, छातीच्या वणावरचं कापड बाजूला केलं. रजनीने प्रोबला वाइप फिरवला आणि हात बांधून उभी राहिली. मी छताकडे बघत मनात आकडे मोजत होते.

मग माझ्या लक्षात आलं की तिचे हात नुसते बांधलेले नव्हते. ती काखेत काहीतरी दाबून उभी होती. जेलचं पाउच, न फोडलेलं. अंगाच्या उबेत धरून ठेवलेलं.

प्रोब वाळला तसं तिने पाउच काखेतून काढलं, वरून पुसलं, ग्लोव्ह्ज बदलले आणि मग फोडलं. जेल छातीवर पडलं. मी दचकायची तयारी करून होते. दचकायला लागलंच नाही.

"गार आहे का मावशी?"

"नाही," मी म्हटलं.

"तुमच्यामुळेच सुचलं," ती म्हणाली. "सगळ्यांना असंच करते आता. बायकांना बरं वाटतं."

बावीस वर्षं. सील न फोडता, पाण्यात न बुडवता, नुसतं उबेत धरायचं. इतकी साधी गोष्ट मला एकदाही सुचली नाही. मॅडमनी प्रोब टेकवला, पडद्यावर बघत म्हणाल्या, "मावशी, सगळं स्वच्छ आहे." मी देवाचे आभार मानले, ह्यांना फोन करायचं ठरवलं, आणि त्याच टेबलावर पडल्या पडल्या रजनीवर पुन्हा एकदा मनापासून जळले.